बुधवारची चढण

हिंगोली सोडून गाडी वाशीमच्या अंगाला निघाली की थोड्या अंतरावर एक चढ लागतो. रस्त्यानं जाणाऱ्याला तो जाणवतही नाही. सायकलवाला फार तर दोनचारदा पायडलवर जोर देतो आणि विसरून जातो. पण बेचाळीस डबे खत भरून निघालेल्या इंजिनाला तो बराबर कळतो. यंदा जुलैत त्या चढावर तीन मालगाड्या अडकल्या. तिन्ही बुधवारी. तिसऱ्या गाडीच्या इंजिनात साक्षी खिल्लारे होती.

साक्षीला सहाय्यक लोको पायलट होऊन दोन वर्षं झाली होती. त्या सकाळी ड्रायव्हरच्या खुर्चीवर धर्मसिंग होते. अर्धी नोकरी त्यांनी डिझेलवर काढलेली. नव्या विजेच्या इंजिनावर त्यांचा अजून पुरता भरवसा बसला नव्हता. "डिझेल खोकून खोकून सांगायचं, दमलोय म्हणून," ते म्हणायचे. "हे मुकाट्यानं दम सोडतं."

पाऊस भुरभुरत होता. चढ लागला तसा धर्मसिंगांनी थ्रॉटल पुढं सारला. वरच्या तारेतली वीज घेऊन खालच्या सहा मोटारी सहा आसांना फिरवत होत्या, आणि मागचे डबे जड पायांनी येत होते. वेग चाळीसवरून तीसवर आला, तीसवरून बावीसवर. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. मग इंजिनाच्या अंगातून एक थरथर गेली. चाकं घसरत असल्याचा दिवा लागला आणि ओढ एकदम सैल पडली.

धर्मसिंगांनी वाळूचं पेडल दाबलं. चाकांपुढच्या नळ्यांतून कोरडी वाळू रुळावर पडली, चाकांनी दोन क्षण पकड घेतली, आणि पुन्हा सोडली. बावीसचे बारा झाले, बाराचे पाच. मग गाडी उभीच राहिली.

"गेली," धर्मसिंग म्हणाले आणि त्यांनी ब्रेक लावले.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, हे साक्षी प्रशिक्षणात शिकली होती. इंजिनात सहा हजार घोड्यांचं बळ असो. बारा चाकांखालच्या त्या बारा नाण्यांवरच सगळी गाडी ओढायची असते. तिथं निसरडं आलं, की मोटार नुसती चाक गरगर फिरवते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून इंजिनाला वजन लागतं, आणि म्हणूनच एवढ्या अजस्र यंत्राच्या पोटात साध्या वाळूच्या पेट्या असतात.

ती खाली उतरली. रुळाच्या माथ्यावर तांबूस काळा चिकट लेप होता. चिंधीनं पुसला तर चिंधी काळी झाली. नाकाशी नेली तर जखमेला लावायच्या औषधासारखा उग्र वास आला.

धर्मसिंगांनी खिडकीतून वाकून बघितलं. "ग्रीस हाय."

"ग्रीसला असा वास येत न्हाई, सर."

"मग ग्रीसमधी काही कालवलं असंल." त्यांनी नजर रुळावरून तिच्याकडं वळवली. "हा टप्पा कोणाचा गं? तुज्या बाबाचाच ना?"

साक्षीनं मान हलवली. दुसरं इंजिन मागून येऊन गाडीला ढकलेपर्यंत पावणेदोन तास गेले. तेवढ्या वेळात धर्मसिंग तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

तिचे वडील पुंजाजी अठ्ठावीस वर्षं कीमॅन होते. रोज सकाळी ठरलेले पाच-सहा किलोमीटर पायी चालायचं, रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकायच्या, बोल्ट आवळायचे, सांधे बघायचे. वळणावर चाकाची कड रुळाला घासते, तिथं रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस लावायचं कामही त्यांचंच. म्हणजे त्या टप्प्यावर ग्रीसचा डबा घेऊन उघड्या उजेडात फिरणारा माणूस एकच होता.

तीन दिवसांनी रेल्वे पोलिसांच्या निरीक्षकांनी साक्षीला जबाबाला बोलावलं. तिनं जमा केलेली चिंधी त्यांनी पाकिटात घालून टेबलावर ठेवली होती. आधी वेग, वेळ, पाऊस असं सगळं विचारून झालं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, तिन्ही गाड्या बुधवारी अडकल्या. तुमच्या वडलांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते?"

"बुधवारी."

"म्हणजे त्या दिवशी त्यांच्या टप्प्यावर दुसराच माणूस असतो. गाडी अडकली तर बोट त्याच्याकडं जाणार. बराबर?"

साक्षीला त्यांचं म्हणणं लगेच उमगलं नाही.

"टोळीवरच्या मेटची, मुकादमाची, जागा औंदा त्यांना मिळणार होती ना? ती दुसऱ्याला गेली. माणसाच्या मनात राहतं. माझ्याबिगर टप्पा चालत नाही, असं दाखवावंसं वाटतं." ते शांतपणे बोलत होते, जणू हवापाण्याविषयी. "बुधवारी ते घरी असतात का, एवढं सांगा."

"मी पूर्णेला राहते, साहेब. मला काय माहीत."

हे खरं होतं. पण बाहेर पडताना तिला ते खोट्यासारखं लागलं.

ड्युटी घ्यायला ती ऑफिसात गेली की आता बोलणं थांबायचं. धर्मसिंगांनी पुढच्या दोन फेऱ्यांना दुसरा सहाय्यक मागून घेतला. कारण विचारायची तिची हिंमत झाली नाही, कारण ते तिला ठाऊक होतं.

विश्रांतीच्या दिवशी ती हिंगोलीला घरी गेली. पुंजाजी नुकतेच ड्युटीवरून आलेले, मोरीत हात धूत होते. ती टॉवेल द्यायला पुढं झाली आणि जागीच थबकली. त्यांच्या बोटांवर तांबूस काळे डाग होते. साबणानं जात नव्हते. आणि त्याला तोच वास होता, चिंधीचा.

"हाताला काय लागलं, बाबा?"

"काय न्हाई. कामाचं हाय."

"ग्रीस हाय का?"

पुंजाजींनी टॉवेल तिच्या हातातून ओढून घेतला. "तू तुजी गाडी चालव. माज्या हाताचं काय घेऊन बसलीस?"

आयुष्यात ते तिच्यावर असे कधी खेकसले नव्हते. पाना धरता येत नव्हता तेव्हापासून ती त्यांच्या हत्यारांशी खेळलेली. चाकाला आतून कड कशाला असते, दोन रुळांमधलं अंतर एवढंच का, हे तिला शाळेच्या आधी त्यांनी सांगितलेलं. आणि आता ते तिच्याकडं न बघता ताटावर बसले.

ते झोपल्यावर तिनं आईला हळूच विचारलं, "बुधवारी बाबा घरी असतात का?"

जनकाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "काहून इचारतीस?"

"सहज."

"नसतात. दिस उगवायच्या टायमाला सायकल काढतात. कुठं चालला म्हणलं, तर म्हणतात काम हाय. आमच्या बापजाद्याची इथं इतभर जमीन न्हाई, मग सुट्टीच्या दिवशी कसलं काम?" जनकाबाईनं आवाज आणखी खाली आणला. "मागं परसात बघ जरा. मला तर काही कळंना झालंय."

परसात पत्र्याखाली दोन पोती होती. साक्षीनं एकाचं तोंड सोडलं. आत वाळू होती. बारीक, चाळलेली, वाळवलेली. इंजिनाच्या पेटीत भरतात तशी. शेजारी चाळणी आणि एक जुना खराटा.

ती बराच वेळ तिथं उकिडवी बसून राहिली. ग्रीस लावून गाडी अडवणाऱ्या माणसाला वाळू कशाला लागेल? पण न लावणाऱ्याला तरी ती परसात लपवून ठेवायची काय गरज? दोन्हीकडून तिला उत्तर येईना, आणि उत्तर येईना म्हणून संशय कमी होण्याऐवजी वाढत गेला. एकदा वाटलं, वाळू दाखवायला आहे. उद्या पकडले गेले तर मी तर वाळू टाकत होतो असं म्हणायला. स्वतःच्याच डोक्यात हा विचार आला याची तिला शिसारी आली. तरी तो गेला नाही.

पुढच्या बुधवारची तिनं रजा टाकली आणि मंगळवारीच घरी आली. सकाळी पुंजाजींची सायकल गल्लीबाहेर पडली तशी तिनं शेजारच्या संध्याकडून स्कूटी मागून घेतली. बरंच अंतर ठेवून ती मागं निघाली. उजाडलं होतं, आभाळ खाली उतरलेलं होतं. पुंजाजींच्या कॅरियरवर घडी घातलेली पोती होती. गावाबाहेर पडल्यावर ते सरळ चढाच्या बाजूला वळले. म्हणजे निरीक्षकांचं खरंच होतं तर.

रुळाखालून रस्ता जातो त्या बोगद्यापाशी तिनं स्कूटी लावली आणि पायी निघाली. वडील रुळावर दिसतील म्हणून तिनं भरावाकडं पाहिलं. भराव मोकळा होता. पुंजाजी रुळाला लागून असलेल्या सोयाबीनच्या रानात वाकलेले दिसले.

ते रान चतुराबाईचं. सत्तरीची बाई, मुलगा वसमतला असायचा, त्यामुळं शेत तीच बघायची. टप्पा चालताना पुंजाजी वर्षानुवर्षं तिच्या आखाड्यावर, शेतातल्या खोपटापाशी, थांबायचे आणि तिच्या रांजणातून आपल्या हातानं पाणी घ्यायचे. साक्षीनं बाईला लहानपणी एकदोनदा पाहिलं होतं. आता ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पुंजाजींना सांगत होती, "हळू रे. फावडं नको मारू. जित्ता जीव हाय."

पुंजाजींनी बांधालगतचा ओल्या गवताचा ढीग बाजूला सारला. साक्षी जवळ पोचली होती. तिला खालची जमीन काळी दिसली, आणि मग ती जमीन हलली. हजारो वाणी, पावसाळ्यात निघणारे ते काळे शंभरपायी किडे. कुणी वेटोळं करून पडलेले, कुणी असंख्य पायांनी एकमेकांच्या अंगावरून सरकत होते. पुंजाजी ओंजळी भरभरून ते पोत्यात टाकत होते, आणि त्यांच्या बोटांना तांबूस रस लागत होता. तोच उग्र वास.

"बाबा."

पुंजाजी दचकून मागं वळले. हातातले दोनचार वाणी खाली पडले.

"तू? इथं काय करून राहिली?"

"तुमच्या मागं आले." ती लपवू शकली असती, पण लपवालपवीचा तिला वीट आला होता. "हे कवापासून चालू हाय?"

उत्तर चतुराबाईनं दिलं. "औंदा लई झाले बघ, माय. सोयाबीन वर आलं की कोंब खाऊन टाकतेत. गवताचा ढीग लावला की रातीतून त्याच्या खाली जमतेत. लोक मिठाच्या पाण्यात घालून मारतेत. माजा चातुर्मास हाय, मी जीव मारत न्हाई. टोपली भरायची आन् तिकडं रेल्वेच्या दगडावर नेऊन वतायची. तिथं कुणाचं पीक हाय?"

साक्षीनं भरावाकडं पाहिलं. खडीवरून रुळावर चढलेली काळी रांग तिला इथूनही दिसली. गाडीचं एकेक चाक त्यांच्यावरून जाणार, रस निघणार, त्याचा लेप होणार, आणि पुढच्या चढत्या इंजिनाची बारा चाकं त्या लेपावर घसरणार.

"मावशी, तुमी अजून टाकता तिकडं?"

"न्हाई गं. ह्यानं बंद केलं. आता हाच नेऊन पलीकडच्या नाल्यात सोडतो. पण आधीचे तिकडंच ऱ्हायलेत, पिल्लं घातलीत त्यायनी."

पुंजाजी धुऱ्यावर बसले. "पहिली गाडी अडकली त्याच्या दुसऱ्या दिशी मला दिसलं. दर पावसाळ्याला वाणी असतेतच रुळावर, कोणी ध्यान देत न्हाई. पण एवढे? मग मावशी सांगून बसली की मीच टाकते." त्यांनी हात मातीला पुसले. "सायबाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? घातपात म्हणून केस केली असती म्हातारीवर. ह्या वयात तिनं कोर्टाचे दारं बघायचे? म्हणून मीच सकाळी खराट्यानं रूळ झाडायचो आन् वाळू टाकायचो. माज्या ड्युटीच्या दिशी एक गाडी अडकली न्हाई. बुधवारी दुसरा माणूस असतो, त्याच्यासमोर कसं टाकणार?"

साक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठलं होतं. पण लगेचच दुसरं काहीतरी तिला टोचलं.

"वाळू कुठपासून कुठपर्यंत टाकायचे?"

"चढ संपस्तोर. वरच्या स्टेशनाच्या सिग्नलच्या आत, गाडी रूळ बदलती त्या पॉइंटपर्यंत. तिथंच गाडी दमती ना."

"किती?"

"चांगली जाड. कमी पडायला नको म्हणून."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. "बाबा, इंजिन वाळू टाकतं ती चिमूटभर, आन् चाकाखालीच. स्टेशनाजवळ आली की आमी ती बंद करतो. काहून माहीत हाय का? सिग्नलच्या आतल्या रुळातून बारीक वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडतात, तवा मास्तरच्या पॅनेलवर लाल दिसतं, इथं गाडी उभी हाय म्हणून. वाळूचा जाड थर ऱ्हायला तर चाक वाळूवर बसतं, लोखंडावर न्हाई. गाडी उभी असून पॅनेलला रूळ मोकळा दिसतो."

पुंजाजींनी वळून सिग्नलकडं पाहिलं.

"आन् मोकळा दिसला तर मास्तर दुसरी गाडी आत घेतो."

"वजनाखाली वाळूचं पीठ होऊन उडून जातं, असं मला वाटलं," ते पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला. "अठ्ठावीस वर्षं रूळ माजा होता गं. त्यातली वीज मला कोणी दाखवली न्हाई."

"मला लिहून द्यावं लागंल, बाबा. आजच."

"म्हातारीचं नाव?"

"जे बघितलं ते लिहीन. मुद्दाम केलं न्हाई, हेबी बघितलंय. तेबी लिहीन."

चतुराबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "माज्यामुळं काही वंगाळ झालं का रे?" तिनं विचारलं. पुंजाजींनी नुसती मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

साक्षीनं आधी त्या वरच्या स्टेशनच्या मास्तरला गाठून वाळूचं सांगितलं. त्यांनी वर कळवलं, ट्रॅकमनची टोळी निघाली आणि दुपारपर्यंत सिग्नलच्या आतले रूळ झाडून स्वच्छ झाले. मग ती निरीक्षकांकडं गेली. सोबत लोणच्याच्या बरणीत पन्नासेक वाणी आणि दोन पानी जबाब.

निरीक्षकांनी बरणी उजेडात धरली. "मॅडम, वडलांना सोडवायला किडे घेऊन आलात?"

"वडलांनी काय चूक केली ते त्याच जबाबात हाय, साहेब. दुसरं पान वाचा."

त्यांनी वाचलं. दुसरं पान ते दोनदा वाचताना तिला दिसले. तरी त्यांचा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः चढावर आले, दोन इंजिनिअर घेऊन. नेमकं तेव्हा डब्यांविना एकटंच एक इंजिन हिंगोलीहून येत होतं, आणि त्यात धर्मसिंग होते. रुळावर वाणी तसेच होते. मुद्दाम झाडले नव्हते. इंजिन वरून गेलं आणि मागं तांबूस काळा लेप उरला. निरीक्षकांनी नवी चिंधी त्यावर घासली, पाकिटातली जुनी काढली आणि दोन्हींचा वास घेतला. मग त्यांनी दोन्ही चिंध्या एकाच पाकिटात टाकल्या.

चतुराबाईवर केस झाली नाही. समज देऊन सोडलं. भरावाच्या कडेचं गवत कापलं गेलं, आणि पावसाळाभर रोज सकाळी पहिल्या मालगाडीच्या आधी रूळ पुसायचं काम टोळीला लागलं. धर्मसिंग पुढच्या फेरीला साक्षीच्या समोर येऊन उभे राहिले. "मी दुसरा सहाय्यक मागितला होता," ते म्हणाले. "तुज्यावर भरवसा नव्हता म्हणून. चुकलं माजं." आणि लगेच कागदावर सही करायला वळले. तिनं बरं म्हटलं.

पुंजाजींना मात्र सुटका नव्हती. माहीत असून कळवलं नाही आणि परवानगीशिवाय रुळावर वाळू टाकली, म्हणून लेखी ठपका आला, आणि बदली झाली वसमतकडच्या टप्प्यावर. कागद हातात आला त्या संध्याकाळी ते दाराशी बसले होते. साक्षी शेजारी बसली.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "त्या दिशी माज्या मागं आलीस, तवा तुला काय वाटलं होतं?"

साक्षीला खोटं बोलता आलं असतं. "वाटलं होतं की तुमीच करून राहिले."

"मेटची जागा गेली म्हणून?"

"व्हय."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, समोरच्या घरात टीव्हीचा आवाज वाढला. "माज्या घरात माज्या ताटाशेजारी बसून तू हा इचार करत होतीस," ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळं तिला ते जास्त लागलं. "मीबी काही सांगितलं न्हाई म्हणा. सांगितलं असतं तर..." वाक्य तसंच सोडून ते आत गेले.

दोन दिवसांनी ते वसमतला गेले. जाताना जनकाबाईला चार गोष्टी सांगितल्या, साक्षीला एकही नाही. तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही. ती घरी फोन करायची तर आई उचलायची आणि म्हणायची, तिकडं बरे हायेत.

भादव्यात एका दुपारी ती पूर्णेला ड्युटीवर निघत होती, तेव्हा तिचा फोन वाजला.

"उद्या तुजी गाडी इकडून जाणार हाय का?" पुंजाजींनी विचारलं.

"जाणार. दुपारी."

"पुलाच्या अलीकडं नवा रूळ टाकलाय. अजून बसला न्हाई नीट. सांभाळून घे."

"वेगाचा बोर्ड लावलाय ना तिथं?"

"लावलाय. मीच रोवला." पलीकडं क्षणभर नुसता वारा ऐकू आला. "तरी सांगून ऱ्हायलो."